बीनला सेटिंग द्यायचं कुठून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरत होती: जावाच्या एंटरप्राइझ बीनना, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावा घटकांना (ईजेबींना), बाहेरून सेटिंग कसं पुरवायचं. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. कोडमधली नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंगच वापरा.

प्रश्न: आमच्या ॲप्लिकेशनमध्ये पेमेंट गेटवेचा पत्ता, टाइमआउट आणि किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, ही तीन सेटिंग्ज डेव्हलपमेंट, यूएटी (वापरकर्त्यांची चाचणी) आणि प्रॉडक्शनला वेगळी आहेत. सध्या जारमध्ये (जावाच्या पॅकेज फाइलमध्ये) प्रॉपर्टीज फाइल आहे आणि आम्ही तीन वेगळे बिल्ड काढतो. एन्व्ह-एन्ट्री वापरली की हा त्रास जाईल का? (एक वाचक, पुणे)

निम्मा जाईल. उरलेल्या निम्म्यासाठी आणखी एक पाऊल टाकावं लागेल, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच थांबतात.

एन्व्ह-एन्ट्री म्हणजे बीनच्या नावावर केलेली नोंद. ती 'ईजेबी-जार डॉट एक्सएमएल'मध्ये त्या बीनच्या सेशन घटकाखाली लिहायची. तिच्यात तीन गोष्टी येतात: एन्व्ह-एन्ट्री-नेम, एन्व्ह-एन्ट्री-टाइप आणि एन्व्ह-एन्ट्री-व्हॅल्यू. टाइपच्या जागी 'इंट' चालत नाही; पूर्ण नाव, म्हणजे 'जावा.लँग.इंटिजर', लिहावं लागतं. स्ट्रिंग, बूलियन, कॅरेक्टर आणि आकड्यांचे रॅपर वर्ग चालतात. २००९ च्या जावा ईई ६ पासून क्लास आणि इनमही चालतात. बीनमध्ये फील्डवर @रिसोर्स हे ॲनोटेशन (कोडला लावायची खूण) लावून तेच नाव दिलं की कंटेनर, म्हणजे बीन चालवणारा सर्व्हरचा भाग, किंमत (व्हॅल्यू) आणून घालतो. यालाच इंजेक्शन म्हणतात. हाताने शोधायचं असेल तर ती 'जावा:कॉम्प/एन्व्ह/' या पत्त्याखाली सापडते. बीन वॉर फाइलमध्येच (वेब ॲप्लिकेशनच्या पॅकेजमध्ये) असतील तर हीच नोंद 'वेब डॉट एक्सएमएल'मध्ये केली तरी चालते, कारण वॉरमधले सगळे घटक एकच नामावली वापरतात.

आता अडचण बघा. ही एक्सएमएल फाइलसुद्धा जारच्या पोटातच आहे. किंमत तिथेच लिहिली तर प्रॉपर्टीज फाइलच्या जागी एक्सएमएल आली, एवढाच फरक. तीन बिल्ड तसेच राहिले. ईजेबीच्या स्पेसिफिकेशनमध्ये बीन लिहिणारा, जोडणी करणारा, डिप्लॉय करणारा आणि सर्व्हर सांभाळणारा अशा भूमिका वेगळ्या मानल्या आहेत. कुठलंही सेटिंग समोर आलं की 'हे बदलणार कोण?' हा प्रश्न आधी विचारावा. गेटवेचा पत्ता बदलणारा माणूस सर्व्हरवर बसलेला आहे, त्यामुळे ती किंमत सर्व्हरवरच राहायला हवी.

त्यासाठी जावा ईई ६ पासून लुकअप-नेम आहे. एन्व्ह-एन्ट्रीत व्हॅल्यू काढून टाका आणि तिच्याऐवजी लुकअप-नेममध्ये 'जावा:ग्लोबल/पेमेंट/गेटवेयूआरएल' असा सर्व्हरवरचा पत्ता द्या. व्हॅल्यू आणि लुकअप-नेम दोन्ही एकत्र देऊ नका, ते नियमात बसत नाही. एक्सएमएल नकोच असेल तर @रिसोर्समध्ये 'लुकअप' गुणधर्म देऊनही तेच काम होतं. आमचं मत मात्र एक्सएमएलच्या बाजूने आहे. सर्व्हरवरचा पत्ता बदलला तर जावा कोडला हात लावायची वेळ येऊ नये.

सर्व्हरवर ती किंमत बांधायची रीत प्रत्येकाची वेगळी. वाइल्डफ्लायवर नेमिंग सबसिस्टिममध्ये 'सिंपल' प्रकारचं बाइंडिंग करतात. जेबॉस-सीएलआय या त्याच्या कमांड-लाइनमध्ये ही कमांड देताना बाइंडिंगच्या नावातल्या विसर्गचिन्हाआधी (कोलनआधी) आणि तिरक्या रेघेआधी बॅकस्लॅश लावा, किंवा पूर्ण नाव अवतरणात घाला. नाहीतर सीएलआय त्या रेघेला पत्त्याची पुढची पायरी समजतं. ग्लासफिशवर 'एएसॲडमिन क्रिएट-कस्टम-रिसोर्स' ही कमांड आहे. तिथला सापळा असा की 'प्रॉपर्टी' पर्यायात दोन प्रॉपर्टींमधला विभाजक विसर्गचिन्हच असतो, आणि तुमची किंमत तर 'एचटीटीपीएस:' ने सुरू होते. त्या चिन्हाआधी बॅकस्लॅश नसेल तर पत्ता तिथेच तुटतो. ओपन लिबर्टीवर 'सर्व्हर डॉट एक्सएमएल'मध्ये जेएनडीआय-एन्ट्री लिहायची. तिथे आकड्यासारखी दिसणारी किंमत आकडा म्हणूनच बांधली जाते, त्यामुळे शून्याने सुरू होणारा मर्चंट कोड देताना आत दुहेरी अवतरणं घालून ती स्ट्रिंग असल्याचं सांगा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सर्व्हरवर किंमत बदलली म्हणून चालू बीनमध्ये ती लगेच बदलत नाही. इंजेक्शन बीनचं उदाहरण तयार होतं तेव्हा होतं. पूलमध्ये (कंटेनरने तयार ठेवलेल्या साठ्यात) आधीपासून असलेले बीन जुनाच पत्ता धरून बसतात आणि नवे जन्मणारे नवा घेतात. काही व्यवहार एका गेटवेला आणि काही दुसऱ्याला जाताना दिसले तर नेटवर्कवाल्यांना फोन लावण्याआधी ॲप्लिकेशन एकदा रीडिप्लॉय करून बघा.

प्रश्न: टाइमआउटसाठी फील्डला कोडमध्ये ३० ही सुरुवातीची किंमत दिली आहे आणि एक्सएमएलमध्ये ५. सर्व्हर कसलीही एरर देत नाही, पण टाइमआउट ३० च राहतो. (एक वाचक, नागपूर)

नाव जुळत नाहीये. @रिसोर्समध्ये 'नेम' दिलंच नाही तर नोंदीचं नाव फील्डच्या नावाएवढंच धरलं जात नाही. पॅकेजसकट पूर्ण वर्गाचं नाव, मग तिरकी रेघ, मग फील्डचं नाव असं ते धरलं जातं. तुम्ही एक्सएमएलमध्ये नुसतं 'टाइमआउट' लिहिलं असणार. कंटेनरच्या लेखी त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

एरर का नाही, तर साध्या किमतींच्या बाबतीत नियमच तसा आहे: किंमत सापडली नाही तर इंजेक्शन करायचं नाही, फील्डला कोडमध्ये जे दिलंय ते राहू द्यायचं. डीफॉल्ट देण्यासाठी ही सोय छान आहे, पण स्पेलिंगच्या चुकीवर ती तितक्याच सहजपणे पांघरूण घालते. डेटासोर्ससारखा खरा रिसोर्स सापडला नाही तर सर्व्हर डिप्लॉयलाच आरडाओरडा करतो. इथे तो गप्प बसतो. म्हणून ज्या सेटिंगला डीफॉल्ट असूच नये, गेटवेचा पत्ता हे त्याचं सरळ उदाहरण, त्याच्या फील्डला कोडमध्ये काहीच देऊ नका. @पोस्टकन्स्ट्रक्ट लावलेल्या मेथडमध्ये नल तपासा आणि रिकामं असेल तर स्पष्ट निरोपासह एक्सेप्शन फेका. बाकीच्या किमती तिथेच एकदा लॉगमध्ये लिहून ठेवा.

ही तपासणी कन्स्ट्रक्टरमध्ये करू नका. कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा इंजेक्शन झालेलंच नसतं. तिथे फील्ड नेहमी रिकामंच दिसणार.

नाव जुळत असूनही किंमत येत नसेल तर फाइलच्या वरच्या इम्पोर्ट ओळी बघा. जकार्ता ईई ९ पासून पॅकेजचं 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलं. बीनचं @स्टेटलेस नव्या पॅकेजमधून आणि @रिसोर्स जुन्या पॅकेजमधून अशी सरमिसळ, जुनी जार क्लासपाथवर राहिली असेल तर, सुखेनैव कंपाइल होते. नवा सर्व्हर जुन्या @रिसोर्सकडे ढुंकूनही बघत नाही.

प्रश्न: सगळी सेटिंग्ज एका सिंगलटन बीनमध्ये (ज्याची एकच प्रत असते) सुरुवातीला वाचून ठेवली. लोड टेस्टमध्ये मात्र सगळे थ्रेड त्याच बीनवर अडकलेले दिसतात. स्टॅटिक मॅपमध्ये ठेवू का? (एक वाचक, ठाणे)

स्टॅटिक मॅप नको. बीनमधली स्टॅटिक फील्ड्स फायनल असावीत, असं स्पेसिफिकेशनच सांगतं. क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या गटात) प्रत्येक जेव्हीएमची, म्हणजे जावा चालवणाऱ्या प्रक्रियेची, प्रत वेगळी असते आणि एकीकडे बदललेलं दुसरीकडे कळत नाही.

तुमचा सिंगलटन बरोबर आहे, फक्त त्याचं कुलूप चुकीचं आहे. सिंगलटन बीनच्या प्रत्येक मेथडला काही न सांगितल्यास राइट लॉक लागतो. म्हणजे 'टाइमआउट किती?' एवढं विचारायलाही एका वेळी एकच थ्रेड आत जाणार आणि बाकीचे दाराशी रांगेत. वर्गावर @लॉक लावून त्याला 'रीड' सांगा. मग वाचणारे कितीही एकत्र आत जातील. सेटिंग्ज पुन्हा वाचणारी मेथड असेल तर फक्त तिच्यावर 'राइट' ठेवा. मात्र तीच मेथड बीनच्या आतून, 'धिस' वापरून बोलावली तर कंटेनरला पत्ताच लागत नाही आणि कुलूप लागत नाही. ती बाहेरूनच बोलावली पाहिजे. आणि अख्खा प्रॉपर्टीज ऑब्जेक्ट बाहेर देऊ नका, मागितलेली एक किंमत द्या. नाहीतर कोणीतरी त्यात बाहेरून बदल करेल आणि कुलपाला काही अर्थ उरणार नाही.

फाइल वाचण्याबद्दलही एक सूचना. बीनने जावा.आयओ वापरून फाइल सिस्टिममधल्या फाइल्स उघडू नयेत असा नियम होता; २०१३ च्या ईजेबी ३.२ पासून तो 'जपून वापरा' एवढाच उरला आहे. सर्व्हर अडवत नाहीत, पण त्या पथाची हमी कोणी देत नाही. क्लासपाथवरून रिसोर्स म्हणून वाचा. तिथली तिरकी रेघ लोकांना फार छळते: वर्गाच्या 'गेटरिसोर्सॲझस्ट्रीम'ला क्लासपाथच्या मुळापासूनचा पथ देताना सुरुवातीला तिरकी रेघ लागते, क्लासलोडरच्या त्याच नावाच्या मेथडला ती चालत नाही. चुकलं तर एरर येत नाही, नल येतो, आणि पुढच्या ओळीत प्रॉपर्टीज वर्गाच्या 'लोड' मेथडवर नलपॉइंटर एक्सेप्शन.

प्रश्न: रोज सकाळी ९ वाजता थकबाकीचे एसएमएस जातात. ही वेळ @शेड्यूलमध्ये पक्की लिहिलेली आहे. ती कॉन्फिगरेशनमधून कशी घ्यायची? एमडीबीच्या (संदेश आला की चालणाऱ्या मेसेज-ड्रिव्हन बीनच्या) क्यूचं, म्हणजे संदेशांच्या रांगेचं, नावही असंच अडकलं आहे. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

ॲनोटेशनमध्ये फक्त कंपाइलच्या वेळी ठरलेली किंमत बसते, त्यामुळे @शेड्यूलला बाहेरची वेळ देता येत नाही. त्याऐवजी टायमर कोडमधून तयार करा. @सिंगलटन आणि @स्टार्टअप लावलेला एक बीन घ्या, @रिसोर्सने टायमरसर्व्हिस मागवा आणि @पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये शेड्यूलएक्स्प्रेशन तयार करून 'क्रिएटकॅलेंडरटायमर'ला द्या. तास आणि मिनिट एन्व्ह-एन्ट्रीतून आलेले असतील. आपोआप बोलावली जाणारी मेथड @टाइमआउट लावून ठेवा.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, टायमर काही न सांगितल्यास टिकाऊ असतो, म्हणजे सर्व्हर बंद झाला तरी जपून ठेवला जातो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की जुना टायमर जिवंत होतो आणि तुमचा @पोस्टकन्स्ट्रक्ट त्याच्या शेजारी नवा तयार करतो. तीन रिस्टार्टनंतर चार टायमर, आणि त्या बिचाऱ्या कर्जदाराला सकाळी ९ वाजता तोच एसएमएस चारदा. टायमरकॉन्फिग घेऊन 'सेटपर्सिस्टंट' फॉल्स करा. मग क्लस्टर असल्यास प्रत्येक नोडवर टायमर वेगळा चालेल हे लक्षात घ्या, कारण टिकाऊ नसलेला टायमर जेव्हीएमपुरता असतो. टिकाऊच हवा असेल तर नवा करण्याआधी 'गेटटायमर्स'ने जुने शोधून रद्द करा.

दुसरं, शेड्यूलएक्स्प्रेशनमध्ये तास, मिनिट आणि सेकंद तिघांचीही डीफॉल्ट किंमत शून्य आहे. दर पाच मिनिटांनी चालवायचं म्हणून नुसतं मिनिट दिलं आणि तास विसरलात, तर टायमर रात्री १२ ते १ या एका तासातच चालेल. तासाला तारांकन द्यावं लागतं.

तिसरं, टाइमझोन. डॉकरसारख्या कंटेनरमधले सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात. तिथे ९ वाजता म्हणजे आपल्याकडे दुपारी २:३०. शेड्यूलएक्स्प्रेशनला 'टाइमझोन' मेथडने 'एशिया/कोलकाता' सांगून टाका. हे सेटिंग बाहेर ठेवायची गरज नाही. एसएमएस भारतातच जाणार असतील तर ते कोडमध्ये असलेलंच बरं.

एमडीबीचा मार्ग वेगळा आहे. @ॲक्टिव्हेशनकॉन्फिगप्रॉपर्टीत लिहिलेली किंमत 'ईजेबी-जार डॉट एक्सएमएल'मधल्या ॲक्टिव्हेशन-कॉन्फिगने झाकता येते. क्यूचं नाव देण्यासाठी जावा ईई ७ पासून 'डेस्टिनेशनलुकअप' ही प्रमाणित प्रॉपर्टी आहे. त्याआधी प्रत्येक सर्व्हरचं आपापलं नाव होतं आणि जुन्या कोडमध्ये ते अजून सापडतं. वाइल्डफ्लायवर ॲनोटेशनमध्येच डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंसात सिस्टिम प्रॉपर्टीचं नाव लिहिता येतं, पण ईई सबसिस्टिममधलं 'ॲनोटेशन-प्रॉपर्टी-रिप्लेसमेंट' आधी ट्रू करावं लागतं; ते मुळात बंद असतं. तसंच 'स्पेक-डिस्क्रिप्टर-प्रॉपर्टी-रिप्लेसमेंट'ही बंद असतं, म्हणून 'ईजेबी-जार डॉट एक्सएमएल'मध्ये लिहिलेला डॉलर-कंस जसाच्या तसा क्यूचं नाव म्हणून घेतला जातो. 'जेबॉस'च्या (हे वाइल्डफ्लायचं जुनं नाव) स्वतःच्या डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे सेटिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये, मात्र तो चालतो. एका फाइलमध्ये चालतं आणि शेजारच्या फाइलमध्ये चालत नाही, याचं कारण हे.

प्रश्न: प्रॉपर्टीज फाइलमध्ये मराठी मजकूर ठेवला की एसएमएसमध्ये चित्रविचित्र चिन्हं येतात. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह केली आहे. (एक वाचक, सांगली)

फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे म्हणूनच हे होतंय. प्रॉपर्टीज वर्गाची 'लोड' मेथड इनपुटस्ट्रीम दिला तर फाइल आयएसओ ८८५९-१ मधली समजून वाचते, म्हणजे एक बाइट म्हणजे एक अक्षर. 'नमस्कार' या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी ७ युनिकोड चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात, एकूण २१. वाचणाऱ्याने त्या २१ बाइटची २१ स्वतंत्र चिन्हं केली. तुमच्या ७ च्या जागी २१ चिन्हं दिसत असतील, तर दुसरं कारण शोधू नका.

उपाय सोपा आहे: 'लोड'ला इनपुटस्ट्रीमऐवजी रीडर द्या, आणि इनपुटस्ट्रीमरीडर तयार करताना यूटीएफ-८ स्पष्ट सांगा. जावा १८ पासून रीडरचं डीफॉल्ट यूटीएफ-८ झालं आहे, पण नुसता इनपुटस्ट्रीम दिला तर 'लोड'चा जुना नियम अजूनही तोच आहे. रिसोर्सबंडल वापरत असाल तर जावा ९ पासून ते यूटीएफ-८ च वाचतं. कोड बदलता येत नसेल तर प्रत्येक अक्षर बॅकस्लॅश, यू आणि चार आकडी सांकेतिक क्रमांक असं लिहायचं. 'न' साठी तो ०९२८. हे करून देणारं 'नेटिव्ह२आस्की' हे साधन जेडीके ९ पासून सोबत येत नाही, जेडीके ८ मध्ये मिळेल.

याच फाइलमधली आणखी एक खोड. विंडोजवरचा पथ लिहिताना बॅकस्लॅश दुहेरी करा. फोल्डरचं नाव 'टेम्प' असेल तर रोमन टी च्या आधीचा बॅकस्लॅश टॅब होतो, 'न्यू' असेल तर एन च्या आधीचा नवी ओळ होतो, आणि 'डेटा' असेल तर डी च्या आधीचा नुसताच गायब होतो. सरळ पुढे झुकलेली तिरकी रेघ वापरा, जावाला विंडोजवरही ती चालते. किमतीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा काढली जात नाही, हेही पाहून घ्या. सुरुवातीची काढली जाते.

प्रश्न: आता सगळं डॉकरसारख्या कंटेनरमध्ये नेतोय आणि सेटिंग्ज एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येणार आहेत. एन्व्ह-एन्ट्री सोडून मायक्रोप्रोफाइल कॉन्फिगकडे (सेटिंग वाचण्याच्या दुसऱ्या एका प्रमाणित सोयीकडे) जावं का? (एक वाचक, पणजी)

नवीन कोडसाठी, होय. @इंजेक्ट आणि @कॉन्फिगप्रॉपर्टी सेशन बीन आणि एमडीबी दोन्हींत चालतात. सिस्टिम प्रॉपर्टीला ४००, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ३०० आणि ॲप्लिकेशनमधल्या 'मायक्रोप्रोफाइल-कॉन्फिग' प्रॉपर्टीज फाइलला १०० असं वजन आहे. जास्त वजनाचं जिंकतं. म्हणून डीफॉल्ट फाइलमध्ये ठेवायचं आणि प्रॉडक्शनला व्हेरिएबलने झाकायचं. लिनक्सवर व्हेरिएबलच्या नावात बिंदू सहसा चालत नाही, त्यासाठी नियम असा: अक्षरं-आकडे सोडून बाकी सगळ्याच्या जागी अधोरेखा, आणि ते जुळलं नाही तर सगळी कॅपिटल अक्षरं करून पुन्हा शोध.

या नियमाचा उलटा फटकाही बसतो. प्रॉपर्टीचं नाव नुसतं 'पाथ' ठेवलंत तर शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमचं 'पाथ' व्हेरिएबल जुळतं, आणि फाइलपेक्षा त्याचं वजन जास्त. प्रत्येक नावाला ॲप्लिकेशनचा उपसर्ग लावा.

नागपूरच्या वाचकांना आलेली, सेटिंग न सापडताही एरर न येण्याची अडचण इथे येत नाही. डीफॉल्ट नसलेली प्रॉपर्टी सापडली नाही तर डिप्लॉयमेंटच अपयशी होतं, आणि आमच्या मते तसंच व्हायला हवं. आवृत्ती २ पासून रिकामी स्ट्रिंगही 'नाही' अशीच धरली जाते. मुद्दाम रिकामी ठेवलेली सेटिंग्ज असतील तर फील्डचा प्रकार ऑप्शनल करा.

ही सोय मूळ जकार्ता ईईचा भाग नाही, त्यामुळे तुमचा सर्व्हर ती देतो का ते आधी पाहा. वाइल्डफ्लायवर 'स्टँडअलोन-मायक्रोप्रोफाइल' या कॉन्फिगरेशनने सर्व्हर सुरू केला की ती हाताशी असते. जुने चालू बीन मात्र उगाच उकरू नका. एन्व्ह-एन्ट्री आणि ही पद्धत एकाच ॲप्लिकेशनमध्ये सुखाने नांदतात.

प्रश्न: डेटाबेसचा पासवर्डही याच मार्गाने द्यायचा का? (एक वाचक, नाशिक)

नाही. बीनला पासवर्ड कळायचं कारणच नाही. डेटासोर्स सर्व्हरवर तयार करा आणि @रिसोर्सने तो मागवा. @डेटासोर्सडेफिनिशनमध्ये पासवर्ड लिहिलात तर तो क्लास फाइलमध्ये उघडा पडतो. सर्व्हरवरही साध्या अक्षरांत ठेवू नका: ग्लासफिशवर 'क्रिएट-पासवर्ड-एलियास' आहे, वाइल्डफ्लायवर एलिट्रॉन या सुरक्षा-सबसिस्टिमचं क्रेडेन्शियल स्टोअर. आणि जेव्हीएम सुरू करताना वजा डी लावून पासवर्ड देण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. त्याच मशीनवर लॉगिन असलेल्या कोणीही 'पीएस' कमांड मारली की बऱ्याचशा लिनक्स मशीनवर तो पूर्ण ओळीत दिसतो.